फ्रिजमधली ती बाटली

तुमच्या तीन वर्षांच्या मुलाला या वर्षात चौथ्यांदा ताप आला, चौथ्यांदा अंगभर लाल पुरळ उठले, सासूबाई त्याला गोवर ठरवून उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवतात व अंघोळ बंद करतात, आणि पती आईचीच री ओढतात, असे तुम्ही दोन पाने भरून लिहिले आहे. त्यात एक वाक्य ओझरते येऊन गेले: ‘प्रत्येक वेळी फ्रिजमध्ये उरलेले अँटिबायोटिकचे सिरप सुरू करते; डॉक्टरांना सांगितले नाही, उगाच रागावतील.’

सासूबाईंचे प्रकरण लवकर आटपते. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, आणि कोमट पाण्याने अंग पुसले म्हणून पुरळ ‘आत’ जात नाही, एवढे त्यांना सांगा. त्यांच्या पाल्याने मुलाचे काही बिघडलेले नाही. तुमच्या बाटलीने बिघडू शकते.

पावडरीत पाणी घालून केलेले असे सिरप थोडेच दिवस टिकते, ती मुदत बाटलीवरच छापलेली असते, आणि लहान मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असल्यामुळे त्यांवर ते चालतही नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, विषाणूंच्या तापात पुरळ आपोआप उठते, कधी तर ताप उतरल्यावर, आणि औषध मानवले नाही तरीही तसेच उठते. ताप कधी चढला, पहिला चमचा कधी दिला, पुरळ कधी व कुठून सुरू झाले, या क्रमावरून डॉक्टर दोहोंतला फरक ओळखू पाहतात, आणि त्यातला मधला दुवाच तुम्ही दडवून ठेवलात! औषध मानवत नसेल तर पुढच्या खेपेस ओठ-डोळे सुजून श्वासावर बेतू शकते. विषाणूच कारण असेल तर नसलेली ॲलर्जी मुलाच्या कागदांवर विनाकारण कायमची चिकटेल.

तेव्हा ती बाटली फेकू नका. तिच्यातला एक थेंबही न देता, पुढच्या तापाची वाट न पाहता, उद्याच ती आणि चारही वेळच्या आठवतील तेवढ्या तारखा घेऊन डॉक्टरांसमोर बसा. पुरळावर काचेचा पेला दाबूनही डाग फिके पडत नसतील, किंवा मूल मलूल झाले असेल, तर मात्र उद्याचीही वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.

डॉक्टर रागावतील, त्यांना रागावू द्या. आणि निघण्यापूर्वी मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती व किती तासांनी द्यायचे, ते कागदावर लिहून घ्या.