परतताना नाही, आत्ताच थांब

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता दोनदा वाचला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यात चार दिवस, रोज अडीचशे किलोमीटर, आणि प्रत्येक तारखेपुढे एकेक प्राणी. खाली तुझा प्रश्न: 'काका, एवढं फिरूनही काही दिसलंच नाही तर?' अरे, या तक्त्यात तू थांबतोयस कुठे?

तिथे डांबरी रस्त्यावर ताशी 50 ची मर्यादा, कच्च्यावर 40 ची. तेवढ्या वेगातही बिबट्या निसटतो. मारुलाच्या नाहीतर नदीकाठच्या एखाद्या उंबरासारख्या झाडाच्या आडव्या फांदीवर तो पसरलेला असतो; खाली लोंबणारी शेपटी हीच काय ती खूण. काटा पंचविसाच्या वर जाऊ देऊ नकोस. सिंह शोधत बसू नकोस, इंपाला हरणं बघ. सगळा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला कान टवकारून उभा राहिला, नाकाने फुत्कारायला लागला, की गाडी कडेला घे आणि इंजिन बंद कर. जिराफ एकटक बघत असेल तर त्याची नजर धर, त्याला वरून दिसतं. चालत्या गाडीतून यातलं काहीही कळत नाही. थांबावंच लागतं.

मी थांबलो नव्हतो. कॅम्पात एक फलक असतो, आज कुठे काय दिसलं त्याच्या रंगीत खुणा लोक त्यावर लावतात. पहिल्या खेपेला तिथे सिंहाची खूण बघितली आणि साटारा कॅम्पाच्या दिशेने गाडी पिटाळली. शेजारी वडील बसले होते. वाटेत वाळक्या झाडाच्या शेंड्यावर एक पक्षी होता. 'अरे, हा आपला नीलपंखच की! छाती तेवढी जांभळी. थांब जरा.' मी म्हटलं, 'बाबा, परतताना.' सिंह उठून गेले होते. परतताना कॅम्पाचं गेट बंद व्हायची वेळ झाली होती. वडील पुन्हा त्या रस्त्यावर आले नाहीत.

पुढच्या खेपेला लोअर साबी कॅम्पाजवळच्या सनसेट डॅमवर दोन तास इंजिन बंद करून बसलो. मुलगा रडला, बायको संध्याकाळपर्यंत बोलली नाही. घरात अजून मला हेकट म्हणतात. म्हणोत. मुलाला उपाशी ठेवलं नव्हतं, डबा मांडीवर उघडा होता. मगरी, पाणघोडे समोर होतेच. मग हत्ती आले. त्यांच्यातल्या एका पिल्लाला सोंडेने पाणी कसं ओढायचं ते जमेना. शेवटी गुडघे टेकून ते तोंडानेच प्यायलं. मुलगा रडायचा थांबला आणि काचेला नाक लावून बसला. आजही मी तिथे तेवढाच वेळ बसेन.

तू जुलैत जातोयस हे बरं केलंस. गवत वाळलेलं असतं, पाणी मोजक्या जागी उरतं आणि प्राणी तिथे येतात. तेव्हा पाण्याशी जा आणि बस. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नसतं, म्हणून लेकीला विश्रांतीच्या प्रत्येक ठिकाणी आठवणीने उतरव.

तो तक्ता फाड. स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा 45 किलोमीटरचा रस्ता, त्याला एक अख्खी सकाळ दे. गेट उघडताच बाहेर पड. तुझ्या बाबांना पुढे खिडकीशी बसव, आणि ते 'थांब' म्हणाले की ब्रेक दाब, पक्षी असला तरी. नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका