पोर्ट निवडण्याआधी हे बघा

'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' ही एरर दिसली, म्हणजे सर्व्हरला हवा असलेला पोर्ट (नेटवर्कवर प्रोग्राम ओळखायचा क्रमांक) आधीच कुणीतरी घेतलाय, तर लगेच तो बदलू नका; आधी तिथे कोण बसलंय ते बघा. लिनक्सवर 'एसएस' कमांडला एल, टी, एन, पी हे पर्याय द्या, मॅकवर 'एलएसओएफ', विंडोजवर 'नेटस्टॅट'ला ए, एन, ओ. प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर 'सुडो'शिवाय (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराशिवाय) तिचं नाव दिसत नाही, नवखे इथेच गोंधळतात.

मॅकवर फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क) अडलं तर बहुतेक वेळा ५००० वर एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या उपकरणावरचा व्हिडिओ-आवाज मॅकवर घेणारी सोय) असतो. मॅकओएस मॉन्टेरेपासून तो हा पोर्ट धरतो. यादीत मात्र 'कंट्रोल सेंटर'चं नाव येतं. ते मारून उपयोग नाही, पुन्हा उठतं. सेटिंगमधून रिसीव्हर बंद करा.

नवा पोर्ट घेताना आयानाची (पोर्टचे क्रमांक नेमून देणारी संस्था) यादी चाळा. लिनक्स-मॅकवर 'ईटीसी'मधल्या 'सर्व्हिसेस' फाइलमध्येही बरंच सापडतं. १०२४ च्या खाली जाऊ नका. लिनक्स ३२७६८ ते ६०९९९ मधले पोर्ट बाहेर जाणाऱ्या कनेक्शनना आपोआप वाटतं, म्हणून तिथे सर्व्हर ठेवला तर कधी चालतो, कधी नाही. असा बग शोधताना नाकी नऊ येतात! ६००० मोकळा असला तरी क्रोम तो उघडत नाही.

विंडोजवर पोर्ट रिकामा दिसूनही परवानगी नाकारली, तर हायपर-व्हीने (विंडोजची व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) तो राखून ठेवलाय का ते 'नेटएसएच' कमांडमधून तपासा.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) ५४३३:५४३२ लिहिलं तर डावा आकडा तुमच्या मशीनचा, उजवा कंटेनरच्या आतला. टक्कर झाली तर तोच बदला, उजव्याला हात लावू नका.