चार महिने अर्ज करतोय, कुठूनच उत्तर नाही. मंदीत नोकरी शोधायची तरी कशी?

उत्तर येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मंदीत अनेक ठिकाणी भरती थांबते, जाहिरात मात्र बऱ्याचदा तशीच राहते. त्यामुळे नुसते अर्ज वाढवण्यापेक्षा माणसांशी बोला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं, की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते. जुन्या सहकाऱ्याला दोनच ओळी लिहा: "आपण बिलिंगला एकत्र होतो. तुमच्याकडे तशी जागा निघाली तर कळवाल का?" संकोच वाटतो, मलाही वाटला होता, पण लोक खरंच मदत करतात. आणि बायोडेटात 'मेहनती' नको. 'महिनाअखेरचा हिशेब पाचऐवजी दोन दिवसांत लावला' असं लिहा.