अवताराच्या अंगाला हात: संमती, परवानगी आणि ‘आभासी’ची अडचण

प्रश्न असा आला आहे: व्हीआरमधल्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून शिरायच्या संगणकी जगातल्या, एका मराठी कट्ट्यासाठी नियमावली लिहायची आहे. तिथे प्रत्येकाच्या जागी जी आकृती वावरते तिला अवतार म्हणतात. त्यात ‘दुसऱ्याच्या अवताराला ___शिवाय स्पर्श करू नये’ या वाक्यात संमती, सहमती की परवानगी? आणि अशा स्पर्शाला ‘आभासी स्पर्श’ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: संमती. परवानगी ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्याकडून मिळते. मांडवाला महापालिकेची परवानगी, रजेला साहेबांची परवानगी. फोनमधलं अ‍ॅपही कॅमेऱ्यासाठी परवानगीच मागतं. पण ‘लग्नाला मुलीची परवानगी आहे’ असं कुणी म्हणत नाही. तिथे संमतीच लागते, कारण ती स्वतः त्या गोष्टीत सामील असते. सहमती मतांची होते, जागावाटपावर दोन पक्षांची होते तशी. अंगाला हात लावण्याच्या संदर्भात ती अलीकडे हिंदीतून आपल्याकडे येऊ लागली आहे, पण गरज नाही. हा अर्थ ‘संमती’ने मराठीत केव्हाच कमावलाय. १८९१ साली मुलींच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं आणि टिळक विरोधात, आगरकर बाजूने असा वाद रंगला, तेव्हापासून ‘संमतिवय’ हा शब्द चालत आला आहे. (समासात ति ऱ्हस्व; ‘संमतीशिवाय’मध्ये दीर्घ. नियमावली छापण्याआधी एवढं पाहून घ्या.)

माझी खरी तक्रार ‘आभासी’बद्दल आहे.

इंग्रजीतल्या ‘व्हर्च्युअल’चा जुना अर्थ ‘नावाने नाही, पण परिणामाने आहे’ असा. आपण त्याला आभासी म्हटलं आणि परिणाम गाळून टाकला. मराठीत आभास म्हणजे नसलेलं दिसणं. दोरीवर साप दिसतो तसं. म्हणून ‘आभासी विनयभंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिलं वाक्य उमटतं, ‘म्हणजे झालं काहीच नाही ना?’

भाच्याने मागे त्याचा हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला होता. एका दिवाणखान्यात चार-पाच अनोळखी अवतार गप्पा मारत उभे होते. त्यातला एक सरळ माझ्या तोंडाशी आला आणि त्याने गालाकडे हात आणला. मी मान मागे घेतली ती मागच्या कपाटावर आपटली. कपाट खरं होतं, टेंगूळ खरं होतं. हात तेवढा आभासी.

२०१६ साली क्विव्हर या धनुर्विद्येच्या व्हीआर खेळात एका अमेरिकन महिलेच्या बाबतीत घडलं ते याहून बरंच वाईट. या खेळात खेळाडूला शरीर काढलेलंच नव्हतं. हवेत तरंगणारं शिरस्त्राण, धनुष्य आणि एक मोकळा हात, बस्स. तिचा आवाज ऐकून बाई आहे हे कळल्यावर एक अनोळखी खेळाडू, छाती जिथे असती त्या जागी हात नेऊ लागला. ती ‘थांब’ म्हणत राहिली, तो थांबला नाही. खेळ बनवणाऱ्यांनी आधी चेहऱ्याजवळ आलेला परका हात दिसेनासा होईल एवढीच सोय ठेवली होती. या घटनेनंतर ती सगळ्या अंगाभोवती वाढवली. अंग काढलेलं नव्हतं, पण अंगचटीला जाणं मात्र झालं.

आणि हाच शब्द मी सुचवीन. अंगचटीला जाणे. ‘स्पर्श’ म्हटलं की वाद लगेच कातडीवर जातो. तो वाद आपल्याकडे होऊन गेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, एका खटल्यात, कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाला, त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून, त्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला मानलं नाही; सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला. अंगचटीला जाण्यात कातडीची अट मुळातच नाही. नको इतकं जवळ येणं पुरतं, आणि ते कुणाला नको होतं हे शब्दातच कळतं. ‘लगट’ही चालेल, पण तिला थोडा लाडिक वास येतो.

याच्या समोर ठेवायला आपल्याकडे ‘सलगी’ आहे. समर्थांच्या संभाजीराजांना लिहिलेल्या पत्रात शिवरायांचं ‘सलगी देणे’ येतं, ते आठवा. सलगी समोरचा देतो. त्याने न देता आपणच केली तर तिची लगट होते. संमतीचं अर्धं व्याकरण या दोन क्रियापदांत आलं.

अवताराबद्दल एक आगाऊ टीप. ‘काय हा अवतार!’ हे ज्या भाषेत रोज घरात ऐकू येतं तिथे ‘अवताराला हात लावू नये’ हे वाक्य हसू आणतं. ‘दुसऱ्याच्या अंगाला’ असंच लिहा. हेडसेट घातलेला माणूस ‘माझ्या अवताराच्या जवळ आला’ म्हणत नाही, ‘माझ्या जवळ आला’ म्हणतो.

तेव्हा नियम असा करता येईल: ‘संमतीशिवाय कुणाच्या अंगचटीला जाऊ नये. संमती दिलेल्याने नको म्हटलं की त्याच क्षणी बाजूला व्हावं.’ दुसरं वाक्य गाळू नका. परवान्याला मुदत असते, तोवर तो चालतो; संमती तशी धरून चालता येत नाही.

कट्ट्यावर अंतराची सोय असेल तर तिला ‘कुंपण’ म्हणा, ‘वैयक्तिक सीमारेषा’ नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने होरायझन वर्ल्ड्स या तिच्या व्हीआर जगात अवतारांत सुमारे चार फुटांचं असं कुंपण घातलं. कुणी आत येऊ लागला की त्याचं पाऊल पुढे पडत नसे. टाळी मात्र देता येई. त्यासाठी दोघांनाही हात लांब करावा लागे. त्या नियमाचं मराठी तुम्हाला शोधावं लागणार नाही, ‘दे टाळी’ म्हणून आपण हात पुढे करतो आणि थांबतो.