सोडियमची संज्ञा ‘एन-ए’ आणि पोटॅशियमची ‘के’ का?

तुमच्या आठवीतल्या मुलीने हेच विचारलं आणि क्लासमध्ये ‘लॅटिन नावं आहेत, पाठ कर’ असं उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. मी गिरगावात याच वयाच्या मुलांना विज्ञान शिकवते, म्हणून राहवलं नाही. सोनं, चांदी, लोखंडापुरतं ते उत्तर बरोबर आहे. ऑरम, अर्जेंटम, फेरम हे शब्द रोमन लोकांच्या तोंडी होतेच. पण सोडियमला प्राचीन लॅटिन नाव असणारच कसं? तो धातू 1807 पर्यंत कुणी वेगळाच केला नव्हता!

त्या वर्षी लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने कॉस्टिक पोटॅश हे संयुग वितळवून त्यातून वीज सोडून पोटॅशियम मिळवलं आणि पाठोपाठ कॉस्टिक सोड्यातून सोडियम. नावंही त्याने पोटॅश आणि सोड्यावरूनच ठेवली. जर्मन आणि स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी मात्र वेगळी नावं धरली. इजिप्तमधल्या सरोवरांकाठी मिळणारा, ममी वाळवायला वापरलेला क्षार म्हणजे नेट्रॉन, त्यावरून नेट्रियम. वनस्पतींच्या राखेला अरबीत अल-कली म्हणत, त्यावरून कॅलियम. (‘अल्कली’सुद्धा तिथूनच आलं.) जर्मन मुलं आजही नेट्रियम आणि कॅलियमच शिकतात.

संज्ञांसाठी अक्षरांची पद्धत बसवली स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने, 1813-14 च्या सुमारास. त्याआधी इंग्लंडचा रसायनशास्त्रज्ञ डाल्टन मूलद्रव्यांसाठी वर्तुळांत टिंबं-रेघा काढायचा, छापणाऱ्याचे हालच. बर्झेलियसने लॅटिन नावाचं पहिलं अक्षर घेतलं, दोघांचं तेच आलं तर जोडीला आणखी एक. आणि या दोन धातूंसाठी कॅलियम, नेट्रियम ही लॅटिन वळणाची नवी नावं टिकली; ‘के’ आणि ‘एन-ए’ ही त्यांचीच सुरुवातीची रोमन अक्षरं. म्हणजे धातू शोधला डेव्हीने, इंग्रजीत नावही त्याचंच राहिलं, पण संज्ञा दुसऱ्यांच्या नावावरून आली. मुलांना हे सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

118 मूलद्रव्यांपैकी इंग्रजी नावाशी न जुळणाऱ्या संज्ञा अकराच आहेत: सोडियम, पोटॅशियम, लोखंड, तांबं, चांदी, कथील, अँटिमनी, टंगस्टन, सोनं, पारा, शिसं. तांब्यासाठी मुलीला मुंबईत पायधुणीच्या तांबाकाट्यावर, म्हणजे तांब्याच्या बाजारात न्या आणि तिथेच सांगा, की रोमनांना तांबं सायप्रस बेटावरून मिळायचं, म्हणून ते क्युप्रम. टंगस्टन यात वेगळा. त्याचा डब्ल्यू लॅटिन नाहीच, जर्मन ‘वोल्फ्राम’मधला आहे. टंगस्टन हा शब्द स्वीडिश, अर्थ ‘जड दगड’. आणि स्वीडिश लोक स्वतः मात्र या धातूला वोल्फ्रामच म्हणतात.