फुकटचा महिना आणि मागून आलेलं बिल

वाचकांचे प्रश्न : इंटरनेटच्या मोफत ऑफर

प्रश्न : जूनमध्ये गावात गाडी फिरली. '३० दिवस इंटरनेट फुकट, पसंत नाही आलं तर एक रुपया देऊ नका.' १२ जूनला पोट्ट्यांनी वायर ओढून नेटचा डब्बा (राउटर) लावून दिला. पावसाळ्यात लाईन घडीघडी जाते, म्हणून जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही पिन काढून डब्बा फडताळात ठेवला. आता ऑक्टोबरात २,३५६ रुपये ४६ पैशांचं बिल आलं. वापर शून्य, मग कायचे पैसे?
– एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बिलाचा आकडा आधी फोडून पाहू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्लॅन ५९९ रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी १०७.८२, म्हणजे महिन्याला ७०६.८२. मोफत मुदत ११ जुलैला संपली आणि १२ जुलैपासून ११ ऑक्टोबरपर्यंत तीन महिने लागले, त्याचे २,१२०.४६. उरले २३६. ते दोन वेळच्या उशिराचे शंभर-शंभर आणि त्यावरचा जीएसटी. बेरीज बरोबर आहे. 'हिशेब चुकला' अशी तक्रार केली तर ती पहिल्याच फोनवर बंद होईल.

खरा वाद वेगळा आहे. पिन काढली म्हणजे कनेक्शन बंद झालं असं होत नाही. कंपनीच्या संगणकावर तुमचा डब्बा फक्त 'ऑफलाईन' दिसतो. लाईट गेल्यावर गावातले सगळेच डब्बे तसे दिसतात, त्यावरून कोणी कनेक्शन तोडत नाही. तुमचं कनेक्शन पोस्टपेड आहे. पोस्टपेडमध्ये मोफत महिना संपला की पैशांचा महिना आपोआप सुरू होतो आणि बंद करा असं ग्राहकाला सांगावं लागतं. प्रीपेड असतं तर रिचार्ज संपताच नेट थांबलं असतं, बिलाचा प्रश्नच आला नसता. गाडीवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : प्रीपेड का पोस्टपेड? त्याला सांगता आलं नाही तर वायर ओढू देऊ नका.

तरीही तुमची बाजू लंगडी नाही. 'पसंत नाही आलं तर एक रुपया देऊ नका' असं सांगून, महिन्यानंतर आपोआप बिल लागेल हे लपवलं असेल, तर ते फसवं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिराती दोन्हींना धरतो. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाईन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. मोफतच्या नावाखाली सुरू करून बंद करायची वाट अवघड ठेवणं, म्हणजे वर्गणीचा सापळा, हा त्यातला एक प्रकार. गाडीवरच्या फलकाचा फोटो, पत्रक, व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात, जे सापडेल ते जपून ठेवा.

आता कामाला लागा. आज कॉल सेंटरला फोन करून दोन वेगळ्या तक्रारी नोंदवा : एक कनेक्शन बंद करण्याची, दुसरी बिलाची. दोन्हींचे तक्रार क्रमांक वहीत तारखेसह लिहा. एकाच तक्रारीत दोन्ही कोंबलं की बिलावर काथ्याकूट चालतो आणि तिकडे चौथा महिना लागतो. मग तेच ईमेलने पाठवा. सोबत चार गोष्टी मागा : तुमच्या ग्राहक अर्जाची प्रत, कनेक्शन सुरू झाल्याची तारीख, मोफत मुदतीनंतर पैशांच्या प्लॅनला तुम्ही संमती दिल्याचा पुरावा आणि महिनावार डेटा वापर. तिसरी गोष्ट बहुतेकदा एका ओटीपीवर येऊन थांबते. वायर जोडताना पोट्टा म्हणतो, 'काका, मोबाईलवर नंबर आला असन, सांगा', आणि आपण सांगतो. त्या एसएमएसमध्ये काय लिहिलं होतं ते मोबाईलमध्ये शोधा. पूर्ण एसएमएसचा स्क्रीनशॉट हाच तुमचा सगळ्यात वजनदार कागद ठरेल, मग तो तुमच्या बाजूचा निघो की विरुद्ध. वापर शून्य असल्याने बिल आपोआप माफ होत नाही, पण सेवा घेतली नाही हे दाखवायला ती नोंद कामी येते.

डब्बा तुमचा नाही, कंपनीचा आहे. परत देताना खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि सोबतच्या अडॅप्टरचा फोटो काढा आणि नंबर लिहिलेली पोच घ्या. 'ठेवून जा, पावती मागून देतो' याला हो म्हणू नका. डब्बा मिळालाच नाही म्हणून दीड-दोन हजार लावल्याच्या तक्रारी आमच्याकडे बिलाच्या तक्रारींइतक्याच येतात.

चार आठवड्यांत बिलाचा निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करा. फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. बरेच जण थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, लिहितात. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचं बिल सोडवत नाही. समांतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, १९१५ ला, तक्रार टाका. मराठीत बोलता येतं. बऱ्याच कंपन्या तिथून आलेली तक्रार कॉल सेंटरपेक्षा लवकर उचलतात.

तडजोडीत 'अर्धे भरा, मिटवून टाकू' असं आलं तर आधी 'बाकी काही नाही' असं लेखी घ्या, पैसे त्यानंतरच भरा. उलटं केलं तर उरलेले अर्धे पुढच्या बिलात 'मागील बाकी' होऊन येतात.

प्रश्न : मोफत ट्रायलसाठी यूपीआयने १ रुपया दिला होता. महिना होताच खात्यातून ५८८.८२ कटले. मी पिन टाकलाच नाही. बँकेत फसवणुकीची तक्रार करू का?
– वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : पिन टाकला, पण त्या १ रुपयाच्या वेळी. तो रुपया म्हणजे ऑटोपेची, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची, मंजुरी होती. ४९९ अधिक जीएसटी, बरोबर ५८८.८२. त्यामुळे बँक याला अनधिकृत व्यवहार मानणार नाही. १५ हजारांपर्यंतच्या अशा कापणीला दरवेळी पिन लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खेड्यात ती सूचना भलतीकडेच जाते, कारण खात्याला जोडलेला नंबर पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाचा असतो आणि तो इंग्रजी एसएमएस न वाचताच पुसतो. सूचना खरंच आली नसेल तर ती तक्रार बँकेकडे नक्की करा.

यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा विभाग असतो. तिथे कंपनीचं नाव उघडून मंजुरी रद्द करा, याला मात्र पिन लागतो. एक घोळ इथे हमखास होतो : मंजुरी रद्द केली की लोक निर्धास्त होतात. त्याने फक्त पैसे कापणं थांबतं, कनेक्शन चालूच राहतं आणि पोस्टपेड असेल तर बिल चढत जातं. वरच्या उत्तरातली बंदची तक्रार तुम्हालाही करावीच लागेल.

प्रश्न : गावातल्या केबलवाल्याने 'एक महिना फ्री' म्हणून वायरचे १,५०० रोख घेतले. कंपनी म्हणते अशी ऑफरच नव्हती. पावती नाही.
– वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : केबलवाला कंपनीचा फ्रँचायझी आहे का, हे आधी ठरवा. डब्बा कंपनीचा आणि बिल कंपनीच्या नावाचं असेल तर 'तो आमचा माणूस नाही' हे कंपनीला सहज म्हणता येत नाही. त्याला व्हॉट्सॲपवर साधं विचारा, 'भाऊ, १,५०० कशाचे घेतले, फ्री महिना कोणत्या तारखेपासून?' बहुतेक वेळा तो उत्तर देतो, आणि तेच तुमची पावती होतं. अगदी लहान सेवादाराकडे अपील अधिकारी नसतो. मग १९१५, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, तुमच्यासाठी चंद्रपूरला. सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाईन अर्ज सेवा केंद्रातूनही भरता येतो.

प्रश्न : ९०० रुपयांच्या बाकीसाठी व्हॉट्सॲपवर 'कायदेशीर नोटीस' आली. 'सिबिल खराब करू, पीककर्ज मिळणार नाही' म्हणतात.
– वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ही भाषा वसुली एजंटची आहे. घाबरून त्याच्या वैयक्तिक नंबरवर पैसे टाकू नका. बाकीवर वाद असल्याचं तक्रार क्रमांकासह कंपनीला कळवा. दूरसंचारची थकबाकी क्रेडिट अहवालात, म्हणजे लोक ज्याला 'सिबिल' म्हणतात त्यात, जाऊ शकते, त्यामुळे धमकी अगदीच पोकळ नाही. असे अहवाल बनवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून पाहा. चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत घ्या. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

प्रश्न : 'सहा महिन्यांचे भरा, सातवा फुकट' घेतलं. चौथ्या महिन्यात बंद केलं तर फुकटच्या महिन्याचे पैसे मिळतील का?
– वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : नाही. तो महिना शेवटी असतो, तिथवर पोचलात तरच तुमचा. उरलेल्या दोन महिन्यांचं काय होतं ते अर्जाच्या अटींत 'परतावा' या शब्दाखाली बघा. अनामत दिली असेल तर ती वेगळी मागा, डब्ब्याच्या पोचपावतीसह.