इंदूर-महूच्या मृत्युनोंदी ऑनलाइन ठेवायच्या असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या गटाने इंदूरजवळच्या महूच्या जुन्या कब्रस्तानातल्या बऱ्याच दगडांचे फोटो काढले आहेत, इंदुरातल्या एका मुक्तिधामाची, म्हणजे स्मशानाची, जुनी रजिस्टरं बघायला मिळणार आहेत, आणि वंशावळ शोधणाऱ्यांसाठी हे सगळं इंटरनेटवर ठेवायचं आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि दहन करणाऱ्या आपल्या मराठी घरांना याचा उपयोग काय, हे तुम्ही विचारलंत. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते, कारण ते कधीही बदलता येतं. नोंद कशी लिहायची ते मात्र पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं. ते चुकलं तर पुन्हा प्रत्येक दगडापाशी जाणं आलं, आणि तोवर दगड तिथे असेलच असं नाही.

दगडावर जे आहे ते एका रकान्यात जसंच्या तसं लिहा. ओळ तुटते तिथे तिरकी रेघ द्या, अक्षर गेलं असेल तिथे चौकोनी कंस रिकामा सोडा, स्पेलिंग चुकीचं असेल तर चुकीचंच ठेवा. तुम्ही त्यातून काढलेला अर्थ, म्हणजे पूर्ण नाव, इसवी सनातली तारीख, नातं, हे वेगळ्या रकान्यांत जाऊ द्या. शिवाय आणखी एक रकाना असा, ज्यात कोणी वाचलं, कधी वाचलं आणि कशावरून वाचलं हे येईल: प्रत्यक्ष दगडावरून, फोटोवरून की जुन्या छापील यादीवरून. पंचनाम्यात जसं दिसलं तेच लिहितात, तसंच हे. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. तुम्ही फक्त '१८९१' लिहून मोकळे झालात, तर पुढच्या माणसाला तिथे शंकेला जागा होती हे कधीच कळणार नाही, आणि तो चुकीच्या आजोबांना आपलं मानून बसेल. इंग्रजी अमदानीत थडग्यांवरच्या लेखांच्या छापील याद्या निघाल्या होत्या. दगड गेला असेल तिथे त्या यादीतला मजकूर जरूर घ्या, पण तो यादीतून आला आहे हे दिसू द्या.

महूबद्दल. इंग्रजांची लष्करी छावणी वसली ती होळकरांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, त्यामुळे तिथल्या दगडांमागे शोध घेणारी माणसं बहुतेक परदेशातली, सैनिकांच्या वंशातली. त्यांच्याकडे बऱ्याचदा एक कागद आधीच असतो. चर्चच्या दफन-नोंदींच्या नकला लंडनला जात असत, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा इलाख्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. महूसाठी मुंबई आणि बंगाल दोन्ही पाहायला सांगा. त्या नकलेत वय, हुद्दा, मृत्यूची आणि दफनाची तारीख मिळते. दगडावर त्याहून वेगळं काही असतं: दगड कोणी उभारला, पलटणीतल्या सोबत्यांनी की बायकोने, जन्मगाव कोणतं, शेजारी कोणतं मूल पुरलं आहे. म्हणून मृत्यूची तारीख आणि दफनाची तारीख असे दोन रकाने ठेवा. साध्या शिपायाला दगड मिळालाच असं नाही, तेव्हा 'दगड सापडला नाही' आणि 'इथे दफन झालं नाही' यांची गल्लत होऊ देऊ नका. दक्षिण आशियातल्या अशा कब्रस्तानांसाठी बाक्सा ही ब्रिटिश संस्था १९७६ पासून आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांसाठी फिबिस ही संस्था १९९८ पासून काम करते आहे. त्यांना पत्र लिहा. दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना जोडता आल्या तर शोधणाऱ्याचे कितीतरी महिने वाचतात.

आता आपली घरं. थडगं नाही म्हणून माग नाही, असं मुळीच नाही. देवळाच्या फरशीत, घाटाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या खोलीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशा पाट्या आहेत. त्यांतून नाव, गाव, साल आणि देणाऱ्याचं नातं एकाच वेळी मिळतं. बाईच्या नावाआधी सौ. आहे की गं. भा., यावरून त्या साली नवरा हयात होता का हेही कळतं. माझ्या मते तुमच्या संग्रहाचं खरं धन इथेच आहे, कारण हे काम फारसं कोणी करत नाही, आणि जीर्णोद्धारात ग्रॅनाइट बसवताना या फरशा सर्रास उखडल्या जातात. इंदूर आणि उज्जैनपासून सुरुवात करा.

छत्र्यांबद्दल, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या वास्तूंबद्दल, एक सावधगिरी. छत्री कधी दहनाच्या जागी असते, कधी केवळ स्मरणार्थ दुसरीकडे. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आलमपूरला वारले आणि त्यांची छत्री तिथेच आहे, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसं जुळेलच असं धरू नका. स्मारकाचं ठिकाण, मृत्यूचं ठिकाण, अंत्यविधीचं ठिकाण हे तीन निरनिराळे रकाने. आणि ज्यांच्यात दफनाची रीत आहे, लिंगायत, नाथ, गोसावी, ती घरंही विसरू नका. तान्ही मुलंही पुरतात आणि त्यांची खूण सहसा राहत नाही.

क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांच्या, वह्या हा वेगळाच विषय आहे, पण जोडून घ्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, उज्जैन, गया, हरिद्वार इथे मूळ गावावरून वही निघते आणि श्राद्धाला कोण आलं, कोण वारलं ते पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं सापडतं. हरिद्वारच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने केलेलं आहे. तुम्ही वह्या स्वतः टाकू नका, त्या उपाध्यांच्या आहेत. कोणत्या घराची वही कुठे आहे एवढी नोंद दिलीत तरी पुष्कळ.

तारखा हा भाग नीट वाचा, इथे सगळेच अडखळतात. मराठी घर शके आणि अमान्त महिना धरतं, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. माळव्यातला शेजारी विक्रम संवत आणि पौर्णिमान्त महिना धरतो. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, वद्य पक्षात मात्र एका महिन्याचं अंतर पडतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, तीच त्यांच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपली सर्वपित्री भाद्रपद अमावास्या, त्यांची आश्विन अमावास्या. आता विचार करा, मुक्तिधामाचं रजिस्टर हिंदीत, पण मजकूर सांगणारा मराठी, आणि तिथी लिहिली आहे 'श्रावण वद्य ५'. ती कोणाच्या हिशेबाची? आजूबाजूच्या नोंदींचा क्रम पाहिल्याशिवाय ठरवू नका.

सालांचं गणित असं. शके १८२० म्हणजे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत इसवी १८९८, आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत १८९९. संवत १९५५ सुद्धा तेच वर्ष, पण पौर्णिमान्त हिशेबात चैत्राचा कृष्ण पक्ष जुन्या वर्षाच्या शेवटी येतो, म्हणून 'संवत १९५५ चैत्र कृष्ण' म्हणजे १८९८ नव्हे, १८९९. घराण्याची शाखा वडोदऱ्याची असेल तर आणखी एक फरक: गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, तेव्हा चैत्र ते आश्विन या काळात त्यांचा आकडा माळव्यापेक्षा एकाने कमी असतो. म्हणून मूळ तिथी जशीच्या तशी ठेवा आणि इसवी तारखेपुढे 'निश्चित' किंवा 'अंदाजे' लिहा. निश्चित लिहायला वार हाताशी हवा. तिथी आणि वार पंचांगाशी जुळले तरच.

नावांचंही असंच. हिंदी कारकुनाने ळ चा ल केलेला असतो: काळे काले होतात, होळकर होलकर. रोमन लिपीत तर काळे आणि काले एकाच स्पेलिंगमध्ये जातात. दूरदेशी बसलेली पणती रोमनमध्ये शोधणार, तिचा काका हिंदी रूपात, आणि कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, हाती असलेला तिसरा कोणी मराठी रूपात. तेव्हा मूळ रूप वेगळं ठेवून शोधासाठी एक सरळ केलेलं रूप प्रत्येक नोंदीला द्या: ल-ळ एक, ऱ्हस्व-दीर्घ एक, अनुस्वार आणि परसवर्ण (संत आणि सन्त) एक, आकडे देवनागरी असोत की रोमन, एक. शोधताना सगळी रूपं सापडली पाहिजेत, दाखवताना मात्र मूळच दिसलं पाहिजे. बायकांचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही असेल तर दोन्हीकडून शोध लागू द्या. बहुतेक कुलवृत्तांतांत त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणूनच उरतात. त्यांची तारीख, कधी कधी पूर्ण नावसुद्धा, एखाद्या पाटीवर किंवा रजिस्टरातच मिळतं, म्हणून या रकान्याबाबत मी आग्रही आहे.

फोटो सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश बाजूने येईल असा. ऊन नसेल त्या बाजूला आरशाने कवडसा टाका. खडू, चुना, आम्ल, तारेचा ब्रश काहीही लावू नका. वालुकाश्माचा पापुद्रा त्याने निघून येतो. संगमरवरातली शिशाची अक्षरं गळाली असतील तर ती बसवण्यासाठी पाडलेली भोकं जवळून टिपा, त्यांवरून अक्षर ओळखता येतं. फोनचं जीपीएस काही मीटरने चुकतं, शेजारशेजारच्या दोन थडग्यांना ते पुरत नाही. ओळ आणि क्रमांकाचा नकाशा हाताने काढाच.

रजिस्टरांबाबत मी कडक आहे. ती नगरपालिकेची आहेत, आणि चौकीदाराने पानं उघडून दाखवली याला परवानगी म्हणत नाहीत. लेखी घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमानुसार मृत्यूच्या नोंदीचा दाखला कोणालाही मागता येतो, पण त्या दाखल्यात मृत्यूचं कारण उघड करता येत नाही. कायदा जे झाकतो ते आपण उघडं टाकू नये. कारण, पत्ता, खबर देणाऱ्याचं नाव ऑनलाइन नकोच. गेल्या ७५ वर्षांतल्या नोंदी अजिबात नकोत, हे माझं मत. नातेवाइकाने नोंद काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा. मुस्लिम कब्रस्तानात कमिटीला आधी विचारा. बायकांच्या कबरींचे फोटो नको म्हणाले तर फक्त मजकूर घ्या.

सॉफ्टवेअर: सुरुवातीला साधी स्प्रेडशीट पुरते, युनिकोडमध्ये सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून, साठवलेली. ती पंचवीस वर्षांनीही उघडेल, कोणत्या कंपनीच्या पॅकेजबद्दल तसं सांगता येत नाही. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक द्या, नोंद काढली तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, कारण लोक आपल्या वंशावळीत तोच लिहून ठेवतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. इंटरनेट आर्काइव्ह या वेबपानं जतन करणाऱ्या संकेतस्थळावर पानं अधूनमधून जतन करा. डोमेनचं नूतनीकरण एकट्याच्या ईमेलवर ठेवू नका, गटातल्या निदान दोघांकडे पासवर्ड असू द्या, आणि त्यातला एक तरुण असावा. रकान्यांचा नमुना तक्ता हवा असेल तर सांगा, पाठवते. पण पावसाळ्याआधी त्या देवळातल्या फरशांचे फोटो उरकून घ्या.